दरवाढीला मर्यादा आहे, सुनावणी नाही

३० जानेवारी २०२५ रोजी विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, एक परिपत्रक काढले. साठी ओलांडलेल्या विमाधारकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, हा त्याचा मुख्य आशय. ज्येष्ठांची एखादी पॉलिसी बंद करायची असेल तरी तेच. बातम्यांचा सूर दिलाशाचा होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. रिन्यूअलची नोटीस हातात घेऊन एजंटला फोन लावणारे निवृत्त लोक तेव्हा घरोघरी दिसत होते. पण थोडा हिशेब करून पाहावा. साठाव्या वर्षी ३०,००० रुपये हप्ता भरणाऱ्याला दरवर्षी बरोबर १० टक्के वाढ लागली, तर सत्तराव्या वर्षी त्याचा हप्ता ७८,००० च्या घरात जातो आणि ऐंशीव्या वर्षी २ लाखांच्या वर. वीस वर्षांत पावणेसात पट. यात एकाही वर्षी कंपनीने मर्यादा ओलांडलेली नसते, आणि हप्ता भरणाऱ्यापुढे तिला एकदाही कारण सांगावे लागलेले नसते.

माझा आक्षेप १० या आकड्यावर नाही. तिथे ८ ठेवले किंवा १२ ठेवले तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. आपण दरवाढीची उंची मोजतो, तिच्यामागचा हिशेब तपासताना मात्र पैसे भरणाऱ्याला खोलीबाहेर ठेवतो. वीज महाग होणार असेल तर महाराष्ट्रातला कोणताही ग्राहक वीज नियामक आयोगापुढे उभा राहून महावितरणला जाब विचारू शकतो. आरोग्य विम्याचे गणित मात्र कंपनी आणि प्राधिकरण यांच्यातच राहते. आपल्यापर्यंत पोहोचते ती नवी रक्कम आणि ती भरण्याची शेवटची तारीख.

सरकारने मुळात विम्याच्या दरात पडावे का, हे आधी ठरवायला हवे. सगळ्याच गोष्टींचे भाव सरकारने बांधून द्यावेत, या मताचा मी नाही. आपल्याकडे विम्यावरची सरकारी नजर फार काळ वेगळ्याच गोष्टीवर होती. जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या काळात आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, त्यामागची मोठी तक्रार हप्ता महाग असल्याची नव्हती. विमाधारकांचे पैसे मालक मंडळी आपल्या उद्योगांसाठी वापरतात, ही होती. कंपनी बुडणार तर नाही ना, पैसा जागेवर आहे ना, हे पाहणे म्हणजे विम्याचे नियमन, ही समजूत तेव्हापासून आपल्या हाडीमाशी भिनली आहे. ती चुकीची नाही, अपुरी आहे.

सर्वसाधारण विम्यात मात्र दर बांधण्याचा प्रयोगही झाला. १९६८ च्या दुरुस्तीने टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीला कायद्याचे बळ मिळाले. १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. आग, इंजिनिअरिंग, मोटार यांचे दर समितीच्या छापील पुस्तकात असत, त्यामुळे चारांपैकी कोणाच्याही दारात गेले तरी भाव तोच. आगीच्या विम्यात भरपूर नफा होई आणि त्यातून मोटार व आरोग्य विम्यातला तोटा भरून निघे. कोण कोणासाठी किती पैसे भरतो आहे, हे ग्राहकाला कधीच कळत नसे.

१ जानेवारी २००७ रोजी हे पुस्तक बंद झाले आणि आगीच्या विम्याचे दर कोसळले. कारखानदारांची चंगळ झाली. स्पर्धा इतकी टोकाला गेली की पुढे २०१९ मध्ये जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीला काही उद्योगांसाठी किमान दरांचा आग्रह धरावा लागला. आगीचा आधार सुटल्यावर मेडिक्लेमचा तोटा मेडिक्लेमनेच भरायची वेळ आली. २००७ मध्येच ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य विम्याचा विचार करण्यासाठी प्राधिकरणाला के. एस. शास्त्री यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणजे साठीनंतरच्या हप्त्याचे दुखणे २०२५ चे नव्हे, ते बाजार खुला झाला त्याच वर्षीचे आहे.

या इतिहासातून मला एक कसोटी उचलावीशी वाटते. ग्राहकाला उठून दुसरीकडे जाता येते का, हे पाहावे. चाकणच्या कारखानदाराला जाता येते. त्याच्यासाठी ब्रोकर चार कंपन्यांचे भाव मागवतो आणि पटला नाही तर पाचवी कंपनी शोधतो. त्याच्या दरात सरकारने नाक खुपसण्याचे कारण नाही. वाहनाच्या थर्ड पार्टी विम्याचे अगदी उलट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे तो नसेल तर गाडी रस्त्यावर काढता येत नाही. जे विकत घेण्याची सक्ती सरकारच करते त्याचा भाव सरकारने पाहणे ओघानेच येते. म्हणून त्याचे दर आजही सरकार ठरवते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला ३,४१६ रुपये पडतात. पुढची तीन वर्षे तरी हे दर हलले नाहीत. त्या काळात अपघातात गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला मिळायच्या भरपाईचे निवाडे काही गोठले नव्हते. भाव बांधणाऱ्यालाही मोह असतोच. वाहनधारक मतदार असतो.

साठीच्या पुढचा आरोग्य विमाधारक या दोघांच्या मधल्या जागी आहे. त्याच्यावर कायद्याची सक्ती नाही, पण त्याची सुटकाही नाही. २०११ पासून पॉलिसी पोर्ट करण्याची सोय आहे, म्हणजे जुन्या कंपनीत सरलेला प्रतीक्षाकाळ घेऊन नव्या कंपनीत जाता येते. मात्र नवी कंपनी तपासण्या मागते आणि नकारही देऊ शकते. मधुमेह, रक्तदाब आणि एक स्टेंट एवढे भांडवल घेऊन सदुसष्टाव्या वर्षी दुसऱ्या दारात उभ्या राहणाऱ्याचे स्वागत कोण करणार? जुनी कंपनी, तुम्ही आधी क्लेम घेतला होता, या कारणाने नूतनीकरण नाकारू शकत नाही, हे संरक्षण मोलाचे आहे. पण त्यातून उभे राहिलेले चित्र पाहा. राहायची हमी आहे, जायची वाट नाही, आणि भाडे ठरवणार घरमालक. पंचवीस वर्षे हप्ते भरून क्लेम न घेतलेला माणूस तर आणखीच अडकतो. आता सोडले तर भरलेले सगळे पाण्यात, या विचाराने तो दरवर्षी चेक फाडतो. स्पर्धा दर काबूत ठेवेल, हे उत्तर तिशीतल्या ग्राहकाला द्यावे. तो खरोखर मोबाइलवर चार कंपन्यांची तुलना करून निवड करतो.

आणि २०२५ चे परिपत्रक ज्या वयापासून सुरू होते तीही मजेची गोष्ट आहे. साठच्या आत अशी मर्यादा नाही. उद्या साठीनंतर हात बांधले जाणार हे ठाऊक असलेली कंपनी सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षीच वाढ करून मोकळी होईल, असा तर्क करायला विमागणिताची पदवी लागत नाही.

दुसरी बाजू मात्र हलक्यात घेऊ नये. स्वस्त ठेवलेला हप्ता फुकट पडत नाही. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांमध्ये केंद्र सरकारने २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत १७,४५० कोटी रुपये भांडवल म्हणून ओतले. आरोग्य विम्यात मिळालेल्या हप्त्यापेक्षा जास्त क्लेम देत राहणे हे त्यामागचे एकमेव कारण नसले, तरी मोठे कारण होते. इर्डाईच्या २०२३-२४ च्या अहवालात सरकारी कंपन्यांचे आरोग्य विम्यातले क्लेमचे प्रमाण १०३ टक्के आहे. शंभर रुपये घेतले आणि एकशे तीन दिले; कर्मचाऱ्यांचे पगार, एजंटचे कमिशन, कार्यालयाचे भाडे त्याच्या वर. हा खड्डा करदात्याने भरला, आणि करदात्यांत मेडिक्लेम कधीच न परवडलेली माणसेही असतात. एखादी सरकारी कंपनी हप्ता वाढवते तेव्हा तिच्या बाजूने बोलायला बरेच काही असते. तेही आपल्याला ऐकवले जात नाही.

दर तपासण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग कॅलिफोर्नियाचा. १९८० च्या दशकात तिथे मोटार विम्याचे दर भडकले. नोव्हेंबर १९८८ च्या मतदानात विम्याविषयी पाच प्रस्ताव लोकांपुढे होते. कंपन्यांनी प्रचारात कोट्यवधी डॉलर ओतले आणि तरीही पाचांपैकी कंपन्यांना सर्वांत नकोसा असलेला एकच, प्रपोझिशन १०३, निसटत्या बहुमताने मंजूर झाला. हार्वी रोझनफील्ड या वकिलाने तो लिहिला होता. ग्राहक चळवळीचे राल्फ नेडर त्याच्यामागे उभे होते. त्याने दर २० टक्के मागे नेण्याचा आदेश दिला. पुढची प्रत्येक वाढ आधी मंजूर करून घ्यावी, विमा आयुक्त लोकांनी निवडून द्यावा आणि दराच्या अर्जाला कोणीही ग्राहक आव्हान देऊ शकेल, अशा तरतुदी त्यात होत्या. आव्हान देणाऱ्याने कामाचे काही सांगितले असेल, तर त्याच्या वकिलाचा आणि तज्ज्ञाचा खर्च कंपनीने द्यायचा. ही शेवटची तरतूद मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. हिशेब विचारण्याचा हक्क कागदावर देणे सोपे असते, हिशेब समजणारा माणूस विमाधारकाला परवडत नाही हे तिथे कोणाच्या तरी लक्षात आले. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बव्हंशी उचलून धरला, मात्र कंपनीला वाजवी परतावा मिळालाच पाहिजे, असे बजावले.

मोटार विम्यात या व्यवस्थेने बरीच वर्षे चांगले काम केले. घरांच्या विम्यात ती अडखळली. वणव्यांचे नुकसान मोजताना गेल्या वीसेक वर्षांची सरासरी धरायची असा नियम होता. हवामान झपाट्याने बदलत असताना हे म्हणजे मागे पाहत गाडी हाकणे झाले. पुनर्विम्याचा वाढता खर्चही दरात धरता येत नसे. शिवाय एक गमतीदार आकडा होता. वाढ ७ टक्क्यांच्या आत असेल तर मागणी झाली तरी जाहीर सुनावणी घेणे बंधनकारक नव्हते. मग कंपन्या वर्षानुवर्षे ६.९ टक्क्यांचेच अर्ज करू लागल्या. कधी गरज त्याहून जास्त होती, कधी कमी असेल. आकडा ठरला तो सुनावणी टाळण्याच्या सोयीने. मे २०२३ मध्ये स्टेट फार्मने तिथे घरांच्या नव्या पॉलिसी देणे थांबवले. २०२४ मध्ये तिने सुमारे ७२,००० पॉलिसींचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले. ज्यांना कोणीच विमा देईना ते फेअर प्लॅन या शेवटच्या आसऱ्याच्या योजनेकडे वळले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटनचे वणवे पेटले. त्यानंतर फेअर प्लॅनलाच इतर विमा कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर गोळा करावे लागले, आणि मे महिन्यात स्टेट फार्मला घरांच्या विम्यात १७ टक्क्यांची तातडीची वाढ मंजूर झाली. तिचे ओझे सॅन होजे आणि फ्रीमाँटमधल्या मराठी घरांवरही आहेच.

या कहाणीचा निष्कर्ष, सरकारने दरात पडूच नये, असा काढणारे पुष्कळ आहेत. मला ती वेगळी वाचावीशी वाटते. तिथे चूक झाली ती भविष्यातला धोका दरात धरायला मज्जाव करण्यात आणि निर्णयांना लागणाऱ्या वेळात. हिशेब उघड मागितल्यामुळे वणवे पेटले नाहीत आणि कंपन्याही त्यामुळे गेल्या नाहीत. २०२४ च्या अखेरीस राज्याने भविष्यवेधी संगणकीय प्रारूपे वापरायला परवानगी दिली. ग्राहकाचा आव्हानाचा हक्क मात्र काढून घेतला नाही. आणि ६.९ टक्क्यांचा धडा थेट आपल्यासाठीच आहे. रेघ आखली की सगळे रेघेला चिकटून उभे राहतात. आपल्याकडे १० ची रेघ आखली आहे. ९.९ टक्क्यांची वाढ हळूहळू नेमाची झाली तर नवल वाटू नये.

मग करायचे काय? यासाठी कॅलिफोर्नियाला जाण्याची गरज नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ मध्ये सगळी रीत लिहून ठेवली आहे. कंपनीने दराचा अर्ज करायचा, तो संक्षेपाने प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या आणि आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा. महाराष्ट्रात या सुनावण्यांना आता पाव शतक होत आले. पुण्याच्या 'प्रयास'ने त्यांत आकडेवारीवर बोट ठेवून बोलण्याची शिस्त आणली, मुंबई ग्राहक पंचायत ग्राहकांची बाजू मांडत आली, यंत्रमागधारक आणि शेतीपंपवाले आपापली गाऱ्हाणी घेऊन आले. या सुनावण्या फार देखण्या असतात असे नाही. निम्मा वेळ बिलाच्या वैयक्तिक तक्रारींत जातो, एखादा स्थानिक पुढारी भाषण ठोकतो, आणि इतके होऊन दरवाढ होते ती होतेच. तरीही शेवटी हाती येतो तो आयोगाचा कारणांसहित आदेश. गळती इतकी धरली, हा खर्च मान्य केला, हा नामंजूर केला, असा तो शेकडो पानांचा दस्तऐवज असतो. तो वाचून भांडता येते. त्याच्याविरुद्ध अपिलात जाता येते. पुढच्या वेळी त्यातलेच वाक्य महावितरणपुढे ठेवता येते.

आरोग्य विम्यात अशी सुनावणी झाली तर पहिला प्रश्न कोणता निघेल, हे सांगता येते. त्याच २०२३-२४ च्या अहवालात केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचे क्लेमचे प्रमाण सुमारे ६५ टक्के आहे. शंभर रुपयांतले पस्तीस कुठे गेले? कंपन्यांकडे याला उत्तर आहे. त्यांचे बरेच ग्राहक तरुण आहेत, वैयक्तिक पॉलिसी विकायला एजंट लागतो, गट विम्यासारखी एका सहीत पाच हजार माणसे येत नाहीत. यातले काही खरे आहे. पण ते कुठे तपासले गेले? इर्डाईने या कंपन्यांच्या व्यवस्थापन खर्चावर हप्त्याच्या ३५ टक्के आणि सर्वसाधारण विमा कंपन्यांवर ३० टक्के अशी कमाल मर्यादा घातली आहे. पस्तीस टक्के ही मर्यादा फार सैल आहे असे माझे मत आहे. अमेरिकेत ओबामांच्या आरोग्य कायद्याने याच गोष्टीला दुसऱ्या टोकाने हात घातला. वैयक्तिक आणि लहान गटांच्या विम्यात हप्त्याचे निदान ८० टक्के, मोठ्या गटांत ८५ टक्के उपचारांवर आणि त्यांच्या गुणवत्तेवर खर्च झालेच पाहिजेत, नाहीतर उरलेला पैसा ग्राहकाला परत करायचा. याच कायद्याने २०११ पासून मोठ्या दरवाढीचे कारण जाहीर करणेही भाग पाडले. मर्यादा सुरुवातीला १० टक्क्यांची होती, पुढे ती १५ झाली. ती ओलांडली की अर्ज तपासणीला जातो आणि त्याचे समर्थन लोकांना वाचायला मिळते.

उरलेल्या पैशाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यात पीक विम्यासाठी खासगी कंपन्या पुढे येईनात, तेव्हा सरकारी कृषी विमा कंपनीबरोबर एक व्यवस्था ठरली. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपुढे गेली तर वरचा भार राज्याचा. भरपाई कमी निघाली तर कंपनीने स्वतःकडे २० टक्क्यांपर्यंतच ठेवायचे आणि बाकी राज्याला परत करायचे. हाच बीड पॅटर्न पुढे राज्यभर आला. त्यानंतर २०२३ मध्ये आलेल्या एक रुपयाच्या पीक विम्याचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. बोगस अर्जांचे पीक आले आणि २०२५ मध्ये ती सवलत गुंडाळावी लागली. पण बीडमागचा विचार खणखणीत होता. हप्ता किती असावा यावर अंदाजाने वाद घालण्याऐवजी वर्षअखेरीस उरले किती ते मोजा आणि ठरलेल्या वाट्याच्या वरचे परत करा. कापसाला आणि सोयाबीनला लागू पडणारे हे तत्त्व गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला का लागू पडू नये, हा प्रश्न मी अजून कोणा अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेला नाही.

दुसरा प्रश्न गट विम्याचा निघेल. मोठ्या नोकरदार कंपन्या घासाघीस करून गट पॉलिसी स्वस्तात घेतात. तिथले क्लेमचे प्रमाण वैयक्तिक पॉलिसींपेक्षा वर्षानुवर्षे जास्त आहे. मग हिंजवडीतल्या तीस वर्षांच्या इंजिनिअरच्या आईवडिलांचा मोतीबिंदू सदाशिव पेठेतल्या एकट्या पेन्शनरच्या हप्त्यातून होतो का? आगीच्या नफ्यातून मेडिक्लेम चालवण्याचा जुना प्रकार दुसऱ्या रूपाने चालू आहे का? मला संशय आहे, पुरावा नाही. पुरावा कंपनीच्या विमागणितज्ञाने प्राधिकरणाकडे दिलेल्या कागदांत असणार, आणि ते कागद मला मागता येत नाहीत.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. हप्ता वाढतो कारण रुग्णालयाचे बिल वाढते, आणि इर्डाईचा रुग्णालयांवर काहीही अधिकार नाही. परिपत्रकातही प्राधिकरण एवढेच म्हणू शकले की कंपन्यांनी एकत्र येऊन रुग्णालयांशी दर ठरवावेत, सरकारच्या आरोग्य योजनेत ठरतात तसे. रुग्णालयांचे म्हणणे असे की ते दर खर्चालाही पुरत नाहीत. मधल्या मध्ये अमुक रुग्णालयात अमुक कंपनीचे कॅशलेस बंद, असे वाद अधूनमधून झडतात आणि ॲडमिट झालेल्या माणसाचा मुलगा रात्री अकरा वाजता पैसे जमवत फिरतो. रुग्णालयांचे दर बांधणे अशक्य आहे असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराखाली आणल्या होत्या. साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तो साथीचा काळ होता, पळवाटाही निघाल्या, आणि कायमस्वरूपी तसे करावे असे मी म्हणत नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. आपण १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रीय कायद्याखालच्या प्रमाणित दरांवरून सरकारला झापले, त्यालाही दिवस लोटले. हप्त्याच्या सुनावणीत विमा कंपनी हा मुद्दा मांडेल आणि तो रास्तच असेल. तिने तो आकड्यांसह मांडावा. कोणत्या शहरात, कोणत्या शस्त्रक्रियेचा खर्च किती वाढला, ते नोंदवावे. आज 'वैद्यकीय महागाई' हे दोन शब्द नोटिशीत छापले की काम भागते.

सरकारचा स्वतःचा हात या किमतीत किती होता, हेही विसरू नये. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून आयुर्विमा व आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढण्याची मागणी केली. निमित्त होते नागपूर विभागातल्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या निवेदनाचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींवरचा तो कर शून्य झाला. फार चांगले झाले. आजारपणाच्या तरतुदीवर कर लावणे मुळातच अश्लाघ्य होते. पण १०० रुपयांच्या हप्त्यावर जे ११८ भरत होते ते १०० वर आले, आणि १० टक्क्यांच्या दोन वाढी झाल्या की १२१ होतात. दोन रिन्यूअलांत करमाफी संपते.

सुनावणीला आक्षेप घेतले जातील ते मला ठाऊक आहेत. कंपन्यांची गणिते हे व्यापारी गुपित आहे, ते उघडे कसे करणार? महावितरणच्या वीजखरेदीचे करारही एके काळी गुपितच समजले जात. आणि ज्या पॉलिसीतून ग्राहक बाहेर पडू शकत नाही, तिच्या दरातले गुपित स्पर्धकापासून जपण्यात अर्थ उरत नाही. ते फक्त ग्राहकापासून जपले जाते. दुसरा आक्षेप असा की बाजारात शेकडो पॉलिसी आहेत, प्रत्येकीची सुनावणी घेत बसलो तर प्राधिकरणाला दुसरे काम उरणार नाही. मान्य. तिशीतल्या ग्राहकाला विकायच्या नव्या पॉलिसीला सुनावणी नकोच. जिथे साठीपुढचे विमाधारक मोठ्या संख्येने अडकले आहेत अशा जुन्या पॉलिसी घ्या, आणि तीन वर्षांची एकत्रित वाढ ठरावीक टक्क्यांपुढे गेली की सुनावणी लावा. एकेका वर्षाची रेघ आखली की काय होते ते ६.९ ने दाखवले आहे. तीन वर्षांची बेरीज चुकवणे जास्त कठीण. तिसरा आक्षेप गंभीर आहे. सुनावणी लोकानुनयाचा आखाडा होईल, दर गोठतील, आणि दहा वर्षांनी १७,४५० कोटींसारखे दुसरे बिल करदात्यापुढे येईल. म्हणूनच वाजवी परताव्याची हमी आणि निर्णयाची मुदत या दोन्ही गोष्टी कायद्यातच हव्यात. १२० दिवसांत निकाल नाही तर मागितलेली वाढ तात्पुरती लागू, आणि जास्तीची ठरली तर व्याजासह परत.

राहिला प्रश्न विमाधारकाच्या बाजूने आकडे वाचणार कोण, हा. विजेत ती माणसे तयार व्हायला वर्षे लागली. विमागणित विजेच्या दरांहून सोपे नाही. कॅलिफोर्नियाची ती तरतूद इथे कामाला येईल. तज्ज्ञाची फी कंपनीच्या खात्यातून, पण तज्ज्ञाची नेमणूक ग्राहक संघटनेकडून. अर्जाचा दोन पानी सारांश मराठीत आणि इतर भारतीय भाषांत असावा. क्लेमचे प्रमाण, कमिशन, रुग्णालयाच्या बिलातली वाढ आणि त्या पॉलिसीत उरलेल्या माणसांची वयोगटवार संख्या एवढे त्यात असले तरी सुरुवातीला पुरे. आणि प्राधिकरणाचे मुख्यालय हैदराबादला आहे म्हणून सुनावणी तिथेच ठेवून चालणार नाही. पंच्याहत्तरीच्या विमाधारकाला ती नागपुरात, नाशकात किंवा निदान घरच्या मोबाइलवर हवी. करोनानंतर आपला वीज आयोग ऑनलाइन सुनावण्या घेऊ लागला आहे, त्याची पद्धत मागून घ्यायला फार तर एक पत्र लिहावे लागेल.